कानातली शिट्टी आधी, दौरा नंतर

वाचकाचं पत्र

दादा, नमस्कार. वय २५. नववीत असताना ड्रमवर बसलो तो अजून उठलेलो नाही. दिवसा हिशेबनिसाची नोकरी करतो आणि संध्याकाळी आमच्या चार जणांच्या थ्रॅश-डेथ (वेगवान हेवी मेटल) बँडमध्ये वाजवतो. मागच्या महिन्यात आमच्यापेक्षा बऱ्याच मोठ्या एका बँडने मला बोलावलं. सहा आठवड्यांच्या दौऱ्यासाठी त्यांना ड्रमर हवाय, पटलं तर पुढे कायमचा. त्यांचा आधीचा ड्रमर माझा मित्र. त्याचं मनगट वर्षभर दुखत होतं, शेवटी त्यांनी त्याला थांबायला सांगितलं. या विषयावर तो माझ्याशी अजून एक शब्द बोललेला नाही.

नोकरी सोडू का? त्यांची तीन गाणी २०० च्या टेंपोची, म्हणजे मिनिटाला २०० मात्रांची आहेत. माझं डबल बेस, म्हणजे दोन्ही पायांनी बास ड्रम वाजवणं, १८० नंतर विस्कटतं आणि डावी नडगी भरून येते, तर वेग कसा वाढवू? पैशांचं काय नि कसं बोलायचं असतं ते मला कळत नाही. ते म्हणतात, "आपण घरचेच आहोत, दौऱ्यानंतर बसून बघू." घरी आई-बाबा म्हणतात, हा धिंगाणा चाळिशीनंतर कोण ऐकणार? आणि हो, रिहर्सलनंतर कानात शिट्टी वाजते, हल्ली ती सकाळपर्यंत राहते. पण ती काय, सगळ्याच ड्रमरना असते म्हणतात.

उत्तर

प्रिय मित्रा,

पत्रातली सगळ्यात मोठी गोष्ट तू "आणि हो" म्हणून शेवटी टाकून दिली आहेस. मी तिथूनच सुरुवात करतो, कारण बाकी सगळ्या प्रश्नांना थोडा वेळ आहे, याला नाही.

शिट्टी बऱ्याच ड्रमरना असते हे खरं आहे. मेटॅलिकाचा ड्रमर लार्स उलरिक याने आपल्या टिनिटसबद्दल, म्हणजे कानातल्या या शिट्टीबद्दल, जाहीरपणे सांगितलंय, आणि तरुणपणी कानांची काळजी घेतली नाही हेही त्याने लपवलेलं नाही. पण सगळ्यांना होतं म्हणून दुखणं साधं ठरत नाही. आतल्या कानाच्या शंखात सुमारे पंधरा हजार केसपेशी असतात आणि आवाज मेंदूपर्यंत पोचतो तो त्यांच्यामार्फत. माणसाच्या कानात एकदा मेलेली केसपेशी पुन्हा उगवत नाही. कातडी भरून येते, हाड जुळतं, ही जागा मात्र तशीच रिकामी राहते. रिहर्सलनंतर तासाभरात जाणारी शिट्टी हासुद्धा इशाराच असतो. तुझी आता रात्रभर मुक्काम करायला लागली आहे.

आकडे समोर ठेवतो, तू हिशेबातला माणूस आहेस. कामाच्या ठिकाणच्या आवाजाबाबत अमेरिकेतल्या निऑश या संस्थेची शिफारस अशी आहे: ८५ डेसिबलला दिवसाचे आठ तास, आणि पुढे दर तीन डेसिबलला वेळ निम्मा. म्हणजे ८८ ला चार तास, ९१ ला दोन. १०० डेसिबलपर्यंत पोचलास की हातात फक्त पंधरा मिनिटं उरतात. बंद खोलीत जोरात वाजवलेला ड्रमसेट वाजवणाऱ्याच्या कानाशी शंभरच्या सहज वर जातो, त्यात मागे दोन गिटारांचे अ‍ॅम्प. तुमची रिहर्सल किती तास चालते ते तूच मांडून बघ.

तेव्हा या आठवड्यात कान-नाक-घशाच्या डॉक्टरांकडे जा आणि ऑडिओमेट्री (ऐकण्याची चाचणी) करून घे. आवाजाने झालेली इजा साधारण ३००० ते ६००० हर्ट्झच्या पट्ट्यात, बहुतेक वेळा ४००० च्या आसपास, आलेखात खड्डा पडल्यासारखी दिसते. हा पट्टा रोजच्या बोलण्यात लगेच जाणवत नाही, म्हणून "मला तर सगळं ऐकू येतं" यावर विसंबू नकोस. डॉक्टरांना ८००० हर्ट्झच्या वरची चाचणीही करता येईल का ते विचार. ड्रम वाजवतोस, किती तास वाजवतोस, हाय-हॅट (पायाने मिटणारी सिंबलची जोडी) कुठल्या बाजूला असतो, हे सगळं त्यांना सांग. उजव्या हाताच्या ड्रमरचा डावा कान हाय-हॅट आणि स्नेअर या कडक आवाजाच्या ड्रमच्या जवळ असतो. शिट्टी एकाच कानात असेल तर तेही आवर्जून सांग. आणि कधी एक कान अचानक बंद झाल्यासारखा वाटला तर दुसऱ्या दिवसाची वाट बघू नकोस, त्याच दिवशी जा. अचानक आलेल्या बहिरेपणावरचे उपचार पहिल्या काही दिवसांतच लागू पडण्याची शक्यता जास्त असते.

आता संरक्षण. फोमचे बोळे काहीच नसण्यापेक्षा कितीतरी बरे, पण ते वरचा पट्टा जास्त खातात. मग सिंबल मेल्यासारखे ऐकू येतात, ड्रमर वैतागून बोळे काढून फेकतो आणि अजून जोरात वाजवतो. संगीतकारांसाठी कानाच्या मापाने बनवलेले फिल्टरवाले प्लग मिळतात, ते सगळा आवाज जवळपास सारख्या प्रमाणात खाली आणतात. पहिल्या रिहर्सलला स्वतःची किक (पायाने वाजवायचा बास ड्रम) दूर गेल्यासारखी वाटेल, त्याची हळूहळू सवय होते. या बँडकडे इन-इअर मॉनिटर (स्टेजवर कानात घालायचे स्पीकर) असतील तर उत्तम, फक्त त्यावर आवाज ठरावीक मर्यादेत ठेवणारा लिमिटर आहे का ते विचार, आणि क्लिक (तालाची टिकटिक) ऐकू येत नाही म्हणून दर गाण्याला आवाज वाढवत जाऊ नकोस. कानात घुसवलेल्या स्पीकरनेही तेवढीच इजा होते.

एवढं केल्याशिवाय दौऱ्याला होकार देऊ नकोस, असं माझं स्पष्ट मत आहे. सहा आठवडे जवळजवळ रोज शो, शोआधी साउंडचेक, आणि कानांना विश्रांती म्हणजे रात्रीचा प्रवास. आज काय शिल्लक आहे ते माहीत असल्याशिवाय त्यात उतरायचं नसतं.

आता कागदाबद्दल. "आपण घरचेच आहोत, दौऱ्यानंतर बसून बघू" हे ते खोटेपणाने म्हणत असतील असं मी धरत नाही. बहुतेक बँड हे मनापासूनच म्हणतात. पण हेवी मेटलच्या इतिहासात ड्रमरच्या खुर्चीवरून झालेली भांडणं बघितलीस तर त्यातली निम्मी याच वाक्यातून निघालेली दिसतील.

स्लेयरचा डेव्ह लोम्बार्डो घे. १९८६ मध्ये बँडचं नाव होत असताना, दौरा चालू असताना, त्याने बँड सोडला, कारण मोठ्या कंपनीशी करार होऊनही त्याच्या हातात घरभाड्यापुरते पैसे येत नव्हते. पुढच्या वर्षी तो परत आला, १९९२ मध्ये पुन्हा गेला, २००० नंतर पुन्हा आला. मग २०१३ मध्ये ऑस्ट्रेलियाच्या दौऱ्याच्या तोंडावर पैशांवरूनच सगळं फिसकटलं. त्या वेळी त्याने जाहीर सांगितलं की दौऱ्याच्या उत्पन्नातली ९० टक्के रक्कम खर्च म्हणून वजा होत होती, आणि त्यात व्यवस्थापनाची फीसुद्धा धरलेली होती. दुसऱ्या बाजूचं म्हणणं वेगळं होतं, तो वाद मी इथे सोडवत बसत नाही. पण तीस वर्षं एकमेकांना ओळखणारी माणसं जर "खर्च म्हणजे नक्की काय" या प्रश्नावर तुटत असतील, तर तू पहिल्याच दिवशी तो विचारण्यात उद्धटपणा कसला?

ब्लॅक सॅबथचा बिल वॉर्ड २०१२ च्या पुनर्मिलनाला नव्हता. समोर ठेवलेला करार सही करण्याजोगा नाही, असं त्याचं म्हणणं होतं. मूळ चौघे पुन्हा एका स्टेजवर आले ते थेट ५ जुलै २०२५ ला, बर्मिंगहॅमच्या व्हिला पार्कवर, आणि त्यानंतर जेमतेम अडीच आठवड्यांत गायक ऑझी ऑस्बॉर्न गेला. मधली तेरा वर्षं त्या चौघांना एकत्र ऐकण्याची संधी निघून गेली याची हळहळ मला आजही वाटते, कारण वॉर्डची खुर्ची दुसऱ्या कोणी भरली तरी त्याचा झोका भरता येत नाही. तो जॅझ ऐकत वाढलेला ड्रमर आहे, त्याच्या आवडत्यांत जीन क्रुपा आहे, आणि सॅबथची ती जड रिफ (गिटारची पुन्हा पुन्हा येणारी धून) खाली बुडत नाही याचं श्रेय त्याच्या त्या झुलत्या हाताला आहे.

तर बोलायचं काय? पहिलं, मोबदला शोगणिक की आठवड्याला, आणि शो नसलेल्या दिवसाचं काय. रिहर्सलच्या दिवसांचे पैसे धरलेत का ते वेगळं विचार, बहुतेक वेळा ते कुणाच्या डोक्यातच नसतात. प्रवास, राहणं आणि रोजचा जेवणखर्च कोणाच्या खिशातून. शो रद्द झाला तर तुला काही मिळणार की नाही. तू आजारी पडलास, हात मोडला, तर दवाखाना कोण बघणार आणि परतीचं तिकीट कोण काढणार. काठ्या, स्किन, तुटलेले सिंबल यांचा खर्च. बहुतेक ठिकाणी ड्रमसेट जागेवरचाच मिळेल आणि तुला फक्त ब्रेकेबल्स न्यायचे असतील, म्हणजे स्नेअर, सिंबल, पेडल, फार तर थ्रोन (बसायचं स्टूल). पण सिंबलची किंमत तुला माहीत आहे आणि रोज चार तुटले तर दौरा तोट्यात जातो. मोबदला नफ्यातल्या वाट्यावर ठरत असेल तर नफा म्हणजे काय वजा करून उरलेली रक्कम, ते कागदावर लिहून घे. हिशेब बघण्याचा अधिकारही लिहून घे. दौऱ्याचा हिशेब वाचता येणारा ड्रमर फार कमी बँडना मिळतो.

याच्याही पुढचं एक. कायमचा झालास आणि नवीन अल्बममध्ये वाजवलंस, तर दोन वेगवेगळे हक्क असतात: एक रचनेचा, दुसरा ध्वनिमुद्रणाचा. रचना म्हणजे ढोबळमानाने चाल आणि शब्द. तुझा ड्रमचा भाग कितीही कल्पक असला तरी तो आपोआप रचनेत धरला जात नाही, श्रेय कोणाला द्यायचं ते बँड ठरवतो. ब्लॅक सॅबथच्या सुरुवातीच्या गाण्यांचं श्रेय चौघांच्या नावावर होतं, म्हणून वॉर्डचं नाव तिथे आहे. मेटॅलिकात उलरिक गायक-गिटारवादक हेटफील्डच्या बरोबरीने गाण्यांची बांधणी करतो आणि जवळपास प्रत्येक गाण्यावर त्याचं नाव असतं. अनेक बँडमध्ये मात्र ड्रमरचं नाव तिथे येतच नाही, आणि दौरे थांबल्यावर घरी पैसे येत राहतात ते बरेचसे याच श्रेयावर. दौऱ्यातला एखादा शो रेकॉर्ड होऊन बाहेर आला तर तुला काय, हेही आत्ताच विचार. मसुदा आला की तो अशा करारांची माहिती असलेल्या वकिलाला दाखव. वकील म्हटल्यावर नाराज होणारा बँड दौऱ्यात बिघाड झाल्यावर कसा वागेल, त्याचा अंदाज तुला घरबसल्या येईल.

नोकरी सोडू नकोस, निदान आत्ता तरी. सहा आठवड्यांची बिनपगारी रजा माग. नाही मिळाली तर मग निवड करायची वेळ येईल, पण तीसुद्धा करार हातात आल्यावर.

ही भित्री वाट आहे असं तुला कोणी म्हणेल. स्लिपनॉटचा जोई जॉर्डिसन बँड उभा राहायच्या काळात आयोवात एका पेट्रोल पंपावर रात्रपाळी करायचा. शनिवार-रविवार मोकळे राहतात आणि काम करता करता गाणी ऐकता येतात म्हणून त्याला रात्रपाळी आवडायची, आणि बँडचे कितीतरी बेत त्याने मित्रांबरोबर तिथेच आखले. जीन होगलन स्लेयरच्या सुरुवातीच्या दिवसांत त्यांच्याबरोबर लाइटचं काम करत होता, आज डबल बेस शिकणारा प्रत्येक जण त्याला ऐकतो. माइक मॅन्जिनी ड्रीम थिएटरमध्ये जाण्याआधी बर्कली कॉलेज ऑफ म्युझिकमध्ये शिकवत होता, आणि निवड झाल्यावरच त्याने ती जागा सोडली. ही निवड २०१० मध्ये सात जणांच्या ऑडिशनमधून झाली होती. २०२३ मध्ये माइक पोर्टनॉय परतला आणि मॅन्जिनीची खुर्ची गेली. त्याच्या वाजवण्यात कोणी खोट काढली नव्हती. म्हणून ते तुला "कायमचा" म्हणतात तेव्हा त्यावर घर बांधू नकोस.

मेटल ड्रमरचं पोट सहसा एका बँडवर चालत नाही. शिकवणं, दुसऱ्यांच्या अल्बमसाठी घरून ड्रम रेकॉर्ड करून देणं, एखाद्या मोठ्या ड्रमरचा ड्रम टेक (सेट मांडणारा, सांभाळणारा) म्हणून जाणं, असं मिळून महिना भरतो. यातलं काय तुला जमतं नि आवडतं, ते नोकरी चालू असतानाच चाखून बघ.

आता वेग. हा भाग मला सगळ्यात आवडतो, त्यामुळे जरा सविस्तर.

२०० च्या टेंपोला सिक्स्टीन्थ, म्हणजे मात्रेला चार ठोके, वाजवले तर मिनिटाला ८०० ठोके, एका पायाला ४००. १८० ला एकूण ७२० होतात. तू ७२० वाजवतोस म्हणजे वेग तुझ्याकडे नाही असं नाही, तू एका पद्धतीच्या टोकाला येऊन थांबला आहेस. सावकाश टेंपोला पाय मांडीपासून उचलला जातो. वेग वाढला की घोट्यावर यावं लागतं, आणि या दोन्हींच्या मधे एक पट्टा असतो जिथे मांडी सोडवत नाही आणि घोटा पुरत नाही. तुझा तो पट्टा १८० ला आहे. तिथे ड्रमर काय करतो? बोटं वर खेचून धरतो. नडगीच्या पुढचा स्नायू पाऊल वर उचलण्याचं काम करतो, तो सतत ताणलेला राहिला की भरून येतो. बीटर, म्हणजे ड्रमवर आपटणारा दांडा, परत आणायचं काम पेडलच्या स्प्रिंगचं आहे. पाऊल फूटबोर्डला चिकटून तिच्याबरोबर वर यायला हवं, तू तिला वर ओढायचं कारण नाही.

मोबाइल जमिनीवर ठेवून दोन्ही पायांचं व्हिडिओ शूटिंग कर, हात न वाजवता. नंतर तो सावकाश करून बघ. माझा अंदाज असा की डावा बीटर उजव्याच्या निम्म्याच अंतरावरून येत असेल आणि दर चौथा ठोका किंचित मागे पडत असेल. किकवर ट्रिगर (ठोका ओळखणारा सेन्सर) लावलास तर त्याला जोडलेलं, आवाज काढणारं मोड्यूल प्रत्येक ठोका सारख्याच जोराचा करून देईल, त्यामुळे डाव्या पायाची अशक्तता झाकली जाईल. पण मागे पडलेला ठोका ट्रिगर पुढे आणत नाही, उलट तो आणखी स्वच्छ ऐकू येतो. ट्रिगर वापरण्यात कमीपणा काही नाही, निम्म्या एक्स्ट्रीम मेटलचा आवाज त्यावर उभा आहे, फक्त सराव त्याच्याशिवाय कर.

थ्रोनची उंची तपास. कंबर गुडघ्यापेक्षा थोडी वर असावी. खाली बसलास तर प्रत्येक ठोक्याला पूर्ण पाय उचलावा लागतो आणि कमरेवरही ताण येतो. मॉर्बिड एंजलच्या पीट सॅन्डोव्हलला, ज्याच्याकडून एक्स्ट्रीम मेटलची एक पिढी ब्लास्ट बीट (हातापायांचा अतिवेगवान सलग ठेका) शिकली, २०१० मध्ये पाठीच्या शस्त्रक्रियेसाठी थांबावं लागलं होतं. सरावाची सुरुवात डाव्या पायाने कर. डावा एकटा, सावकाश, पण प्रत्येक ठोका उजव्याइतका भरीव. मग दोन्ही पाय २०० ला, पण एकच बार, म्हणजे चार मात्रा. एक बार वाजवायचा, एक बार सोडायचा. तो सैल पायाने जमला की दोन बार. १८० वरून रोज थोडं थोडं वर चढत जाण्यापेक्षा हे चांगलं लागू पडतं, कारण घोट्याची हालचाल थेट त्या वेगालाच शिकावी लागते.

आणि त्या तीन गाण्यांतले २०० चे तुकडे मोजलेस का? सोळा बारचा तुकडा म्हणजे २०० ला जेमतेम १९ सेकंद. सबंध गाणं कोणी तसं वाजवत नाही. सगळ्यात लांब तुकडा किती आणि त्याच्या आधी पायांना उसंत किती, हे लिहून काढ. ते ही गाणी स्टेजवर अल्बमच्याच टेंपोला वाजवतात का, तेही विचार. शिकताना हल्लीच्या शोचं रेकॉर्डिंग माग, कारण अल्बमवरचा शेवट आणि स्टेजवरचा शेवट वेगळा असतो, आणि बदली ड्रमर तिथेच उघडा पडतो. २००४ च्या डाउनलोड फेस्टिव्हलला उलरिक आजारी पडला तेव्हा लोम्बार्डो, जॉर्डिसन आणि उलरिकचा ड्रम टेक फ्लेमिंग लार्सेन यांनी आयत्या वेळी मेटॅलिकाची गाणी वाटून घेऊन वाजवली. बहुतेक गाणी जॉर्डिसनकडे होती. गाणी वर्षानुवर्षं अंगात मुरलेली होती म्हणूनच ते होऊ शकलं. तुला आयत्या वेळी उभं राहायचं नाही, काही आठवडे आहेत, ते वापर.

दुखण्याची ओळख ठेव. स्नायू जळजळणं चालेल. टोचणारी कळ, मुंग्या, बधिरपणा आला की त्या दिवशी काठ्या खाली. नडगी दगडासारखी कडक होऊन पाऊल बधिर होऊ लागलं तर थेट डॉक्टर. तिथे सरावाने काही सुटत नाही.

आई-बाबांना व्हिडिओ दाखवू नकोस, करार, विमा आणि रजेचा अर्ज दाखव. त्यांची भीती त्या तीन कागदांत आहे. चाळिशीबद्दल म्हणशील, तर आयर्न मेडनच्या निको मॅकब्रेनला जानेवारी २०२३ मध्ये पक्षाघाताचा झटका आला, उजवी बाजू गेली. काही आठवडे उपचार घेऊन त्याच वर्षी तो दौऱ्यावर परतला. पूर्वीसारखे काही फिल (ठेक्यामधले भरीचे तुकडे) जमेनात, तर त्याने ते बदलले आणि वाजवत राहिला. डिसेंबर २०२४ मध्ये दौऱ्यांतून निवृत्त झाला तेव्हा तो ७२ वर्षांचा होता, आणि जवळपास सगळी कारकीर्द त्याने एका पेडलवर काढली. हे सगळ्यांना जमेल असं मी म्हणत नाही, पण चाळीस ही मर्यादा नक्कीच नाही.

राहता राहिला तुझा मित्र. त्याच्याबद्दल तू एकही प्रश्न विचारलेला नाहीस, म्हणून मला वाटतं तोच तुला सगळ्यात जड जातोय.

या खुर्चीबाबत बँड दोन्ही तऱ्हांनी वागलेले आहेत. ३१ डिसेंबर १९८४ ला गाडीच्या अपघातात डेफ लेपर्डच्या रिक अ‍ॅलनचा डावा हात गेला. बँडने दुसरा ड्रमर शोधला नाही. डाव्या हाताचं काम डाव्या पायाने करता येईल असा इलेक्ट्रॉनिक सेट त्याने बनवून घेतला, १९८६ मध्ये आयर्लंडच्या छोट्या शोना आधाराला जेफ रिच बसला, एका रात्री तो वेळेत पोचला नाही आणि अ‍ॅलनने एकट्याने वाजवून दाखवलं. त्याच ऑगस्टमध्ये डॉनिंग्टनच्या मोठ्या स्टेजवर तो एकटा होता. उलट बाजूला जॉर्डिसन आहे. २०१३ च्या शेवटी तो स्लिपनॉटमधून बाहेर पडल्याची बातमी आली, पण मज्जारज्जूच्या विकाराने त्याचे पाय जात होते हे जगाला कळलं २०१६ मध्ये, त्याने स्वतः सांगितलं तेव्हा. २०२१ मध्ये तो गेला, अवघा ४६ वर्षांचा. त्याच्या जागी आलेला जे वाइनबर्ग जवळजवळ दशकभर वाजवून २०२३ मध्ये काढला गेला, आणि त्याची जागा घ्यायला एलॉय कासाग्रांदे सेपुल्तुराच्या निरोपाच्या दौऱ्याच्या तोंडावर बाहेर पडला. कोणी चुकलं का, हे मी इथून ठरवत नाही. पण प्रत्येक वेळी खुर्चीवर नवा बसला तेव्हा जुन्याचं दुखणं कुठेतरी चालूच होतं.

मित्राच्या मनगटाला तू जबाबदार नाहीस, आणि तू नाही म्हटलंस म्हणून त्याला ती जागा परत मिळणार नाही. तरीही होकार देण्याआधी त्याला फोन कर. मेसेज नको. परवानगी मागू नकोस, ती मागितलीस तर नाही म्हणण्याचं ओझं त्याच्यावर टाकशील. आधी मनगट कसं आहे ते विचार आणि त्याचं पूर्ण ऐक. मग सांग की मला बोलावलंय आणि मी जायचा विचार करतोय. तो बोलत राहिला तर विचार की कुठल्या गाण्यात मनगटाला सगळ्यात जास्त लागायचं. तीच गाणी तू वाजवणार आहेस, त्याचा अनुभव तुला इतर कोणी देणार नाही. त्याने बांधलेले फिल जसेच्या तसे ठेवीन, हेही सांग. बँडशी बोलताना हा दौरा तू बदली ड्रमर म्हणून करशील आणि कायमचं त्यानंतर ठरवू, असं स्वतःहून सुचव. त्याचा हात तोवर बरा होतो का ते कळेल, आणि तुलाही ही माणसं सहा आठवडे जवळून बघता येतील.

तो बोलायला तयार नसेल तर एवढंच सांग की बातमी दुसऱ्याकडून कळू नये म्हणून फोन केला, आणि ठेव. बँडला उत्तर त्यानंतर.

तुझा,
दादा